कालवांच्या साळवेमॅडम

साळवेमॅडमनी श्रीरामपुरात समुद्र आणून ठेवला होता. प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत खिडकीखाली कडाप्प्याचा ओटा होता, त्यावर काचेच्या दोन मोठ्या टाक्या आणि त्यांत मॅडमनी स्वतः क्षार मोजून तयार केलेलं खारं पाणी. तळाशी ओबडधोबड दगड पडलेले दिसत. नवा माणूस हमखास विचारी, मासे कुठायत? मॅडम सांगत, मासे नाहीत, दगड दिसतायत तेच प्राणी आहेत. त्यांना कालवं म्हणतात. रत्नागिरीहून आलेत, दमलेत, काचेवर टिचक्या मारू नका.

चारी बाजूंनी ऊस असलेल्या गावात कालवं बघायला कोणकोण येई. कॉलेजच्या क्लार्कांच्या बायका येत, मुलांना घेऊन प्राथमिक शाळेचे मास्तर येत. बघून झालं की प्रत्येकाचा प्रश्न एकच, हे काही करत का नाहीत? मॅडम म्हणत, करतात, फार काही करतात, पण आतल्या आत.

मी त्याच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते. माझं माहेर राहात्याचं, घरी पेरूच्या बागा, त्यामुळे झाडापानांत रमणं मला जड गेलं नाही. मॅडम माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मला त्या नावानं हाक मारत, कुंदा. मी त्यांना मॅडमच म्हणे. उंच, सावळ्या, कडक इस्त्रीची सुती साडी, खांद्यावर पिनेनं बसवलेला पदर आणि मनगटावर वडिलांचं जुनं, पुरुषी घड्याळ. लग्न केलं नव्हतं. रेल्वे लाईनीजवळच्या घरात आई आणि त्या, दोघीच राहत.

त्यांच्या तोंडी एक शब्द कायम असे, 'पुरावा?' शिपाई म्हणाला, आज साहेब येणार नाहीत, की त्या विचारत, 'पुरावा?' कुणी सांगितलं, अमक्याच्या मुलीचं लग्न मोडलं, की 'पुरावा?' प्राचार्यांनाही त्यांनी एकदा भर सभेत असंच विचारलं होतं. आम्ही तरुण मंडळी मागे त्यांची नक्कल करायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि बहुतेक आवडतही होतं.

वडील रेल्वेत सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर जायची त्याप्रमाणे रुळांचा सांधा बदलणारे. मॅडमनी वडिलांचं ते काम सरळ वर्गात आणलं होतं. दर वर्षी शेवटच्या वर्षाच्या मुलांना त्या स्टेशनच्या पुलावर घेऊन जात आणि खाली रुळांच्या जाळ्याकडे बोट दाखवून शिकवत. पेशी डोळ्यातली असो की कातडीतली, तिच्यात सगळी जनुकं असतातच, जसे इथे सगळे रूळ आधीपासून टाकलेले आहेत. पण कुठलं जनुक कामाला लागणार आणि कुठलं निजून राहणार, हे ठरवणारा सांधा असतो. तो कोण बदलतो, कधी बदलतो, कशामुळे बदलतो, हे शोधणं म्हणजे माझं काम. खालून मालगाडी जाई, पूल थरथरे, आणि मॅडम ती जाईपर्यंत शांत उभ्या राहत.

मग त्या कालवांवर येत. आपल्याला गोवर एकदा येऊन गेला की शरीर तो लक्षात ठेवतं, कालवाला तशी आठवण नसते. त्याच्याकडे असतं ते सगळं जन्मजात. शिंपल्याच्या आत जंतू शिरला की रक्तातल्या पेशी धावत येतात, त्याला घेरतात, गिळतात. त्याच वेळी एरवी निजलेली काही जनुकं जागी होतात आणि जंतू मारणारी प्रथिनं तयार व्हायला लागतात. ना मेंदू, ना आठवण, तरी त्या दगडासारख्या प्राण्याला कळतं की आत आलेला आपला नव्हे. हे सांगताना मॅडमचा आवाज हळू होई. मुलं पुढे सरकून ऐकत.

दर सुट्टीत त्या रत्नागिरीला जात आणि ओल्या गोणपाटात बांधलेली कालवं घेऊन एसटीनं परतत. कालवं पाण्याबाहेर दीड-दोन दिवस तग धरतात, फक्त गोणपाट ओला राहायला हवा, म्हणून दर थांब्यावर उतरून त्या तांब्याभर पाणी शिंपडत. एकदा मीही बरोबर होते. पुण्याच्या पुढे वास सुटला आणि कंडक्टर म्हणाला, बाई, हे टपावर टाका. मॅडम म्हणाल्या, उन्हात मरतील. त्यानं विचारलं, मरतील म्हणजे, जिवंत आहेत का? झालं. मॅडमनी एक कालव काढून दाखवलं आणि शिरूर येईपर्यंत अख्ख्या बसला कालवाच्या रक्ताची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'बाई, एवढं समदं खरं, पन आमच्या कोंबड्यांच्या रोगावर काय हाय का यांच्यापाशी?' बस हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, 'आज नाही. पण विचारलंत ते बरोबर विचारलंत.' कंडक्टरनं नंतर स्वतःच्या बाटलीतलं पाणी गोणपाटावर ओतलं.

विजेचा खोळंबा रोजचाच. वीज गेली की टाकीत हवा सोडणारा पंप बंद पडे. मॅडमनी त्यावर सायकलचा पंप आणि नळीचा तुकडा असा तोडगा काढला होता. मुलं पाळीपाळीनं हवा भरत बसत. परीक्षेच्या दिवसांतही त्या पाळ्या चुकल्या नाहीत.

हे सगळं मी आधी सांगते आहे ते अशासाठी, की पुढचं ऐकल्यावर मॅडम वाईट होत्या असं कुणाला वाटू नये. मला तसं कधीच वाटलं नाही. त्यांना स्वतःला मात्र ते वाटत राहिलं.

मॅडमची पीएचडी या कालवांवरच होती. काही कालवांना मेलेले जंतू टोचायचे, काहींना नुसतं स्वच्छ खारं पाणी टोचायचं. दुसऱ्या दिवशी दोन्हींचं रक्त काढायचं, त्यातल्या पेशी एका द्रावणात विरघळवून बर्फाच्या डब्यातून पुण्याच्या प्रयोगशाळेत न्यायच्या. जे जनुक कामाला लागलेलं असेल त्याच्या नकला पेशीत सापडतात, आणि त्या पकडता आल्या की एक्स-रेच्या फिल्मसारख्या फिल्मवर काळी पट्टी उमटते. जंतू टोचलेल्या कालवांची पट्टी काळी येई. नुसतं पाणी टोचलेल्यांची जागा कोरी राही. त्यावरून मॅडमनी मांडलं होतं की हे जनुक जखमेला दाद देत नाही, फक्त जंतूला देतं. सांधा बदलतो तो जंतू, सुई नव्हे. या वाक्यावर त्यांना पदवी मिळाली. आमच्या कॉलेजातली प्राणिशास्त्रातली ती पहिली पीएचडी, आणि ती एका बौद्ध बाईची. अभिनंदन करायला आलेल्यांपैकी सगळ्यांचं तोंड गोड नव्हतं, हे मी पाहिलं आहे.

काच धुण्याच्या बाबतीत मॅडम फार कडक होत्या. परीक्षानळ्या, पिपेट, सगळं स्वतः धूत. एकदा मी म्हटलं, शिपायाला सांगा ना. तेव्हा त्यांनी सहज, नळाखाली हात तसाच ठेवून सांगितलं, की शाळेत प्रयोगाच्या तासाला मास्तरांनी सगळ्यांच्या हातात परीक्षानळी दिली आणि माझ्या दिली नाही. तुझे हात लागले तर परत धुवावी लागेल म्हणाले. तेव्हापासून मला काच धुतल्याशिवाय चैन पडत नाही. एवढंच सांगून त्यांनी पुढची नळी उचलली.

ज्योती त्यांच्याकडे एम.फिल.ला आली तेव्हा मॅडम फार खुशीत होत्या. पाथर्डीकडच्या शेतकरी घरातली मुलगी, लहानखुरी, कामाला चपळ आणि वाद घालणारी. वडिलांनी एवढं एकच शिक्षण पुरं कर, मग लग्न, असं सांगून पाठवलेली. ती मॅडमनाच उलटून 'पुरावा?' विचारी आणि मॅडमना त्याचं कौतुक वाटे. कुणाला कधी न दिलेली प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी तिला देऊन टाकली होती.

ज्योतीनं मॅडमचाच प्रयोग पुढे न्यायचा होता. त्या वर्षी वीज दुपारपासून जायची, म्हणून ती भल्या सकाळी कालवं टोचायची आणि वीज जायच्या आत त्यांचं रक्त काढून मोकळी व्हायची. फिल्म पुण्याहून आली तेव्हा तिच्यावर नुसत्या पाण्याच्या कालवांच्याही काळ्या पट्ट्या होत्या. मॅडम म्हणाल्या, सुई नीट उकळली नसशील, परत कर. तिनं परत केलं. पुन्हा तेच. आणखी एकदा केलं, तरी तेच. ज्योती म्हणू लागली, मॅडम, कदाचित नुसत्या टोचण्यानंही हे जनुक जागं होत असेल. मॅडमना ते ऐकवेना. त्या वर्षी त्यांच्या कामाची तपासणी व्हायची होती, बाहेरून माणसं यायची होती. त्या दिवशी प्रयोगशाळेत शेवटच्या वर्षाची मुलं होती, मी सूक्ष्मदर्शक मागायला आले होते. ज्योतीनं तीच फिल्म पुन्हा पुढे धरली आणि मॅडम सगळ्यांसमोर म्हणाल्या,

'तुझ्या हातांना स्वच्छता माहीत नाही, ज्योती. असल्या हातांनी हे काम होणार नाही.'

ज्योती म्हणाली, 'मॅडम, सुई मी उकळली होती.'

'पुरावा?'

कुणी हसलं नाही. ज्योतीनं ओढणीच्या गाठीतली किल्ली सोडली, ओट्यावर ठेवली आणि गेली. मॅडमनी तिच्या कामावर असमाधानकारक असा शेरा दिला. आठवड्याभरात वडील येऊन तिला घेऊन गेले आणि त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झाल्याचं कानावर आलं.

मध्ये काही वर्षं गेली. मॅडम ज्योतीचं नाव काढत नसत. किल्ली मात्र त्यांनी पुन्हा कुणाला दिली नाही.

मग एकदा असं झालं की मॅडमनी सकाळी कालवं टोचली आणि दुपारी कळलं की उद्या बंद पुकारलाय, एसटी सुटणार नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत थांबलं तर पेशी वाया जाणार. त्यांनी त्याच दिवशी रक्त काढलं आणि दुपारची पुण्याची बस धरली. मला पुण्यात पेपर तपासायला जायचंच होतं, म्हणून मी बरोबर निघाले. बंद उठला, फिल्म धुवून झाली, तेव्हा मी मॅडमना घ्यायला त्या प्रयोगशाळेत गेले. मॅडम खिडकीशी फिल्म उजेडात धरून उभ्या होत्या. नुसतं पाणी टोचलेल्यांच्या जागी पट्ट्या होत्या, शाई सांडल्यासारख्या काळ्या. सुई मॅडमनी स्वतः उकळलेली. काच स्वतः धुतलेली. त्यांनी फिल्म खाली केली, परत वर धरली, आणि मग पाकिटात घालून म्हणाल्या, चल.

नगरच्या माळीवाडा स्टँडवर बस बराच वेळ थांबते. मी चहा घेऊन आले. मॅडमनी कप घेतला नाही. समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत त्या म्हणाल्या, 'ज्योतीचे हात स्वच्छ होते.'



पुढचे काही महिने त्या एकच प्रयोग करत राहिल्या, या वेळी लवकरही रक्त काढून आणि उशिराही काढून. हळूहळू चित्र स्पष्ट झालं. सुई टोचली की, जंतू असो वा नसो, जनुक जागं होतं. जंतू नसेल तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत निजतं. जंतू असेल तर जागंच राहतं. म्हणजे कालवाला आधी जखम कळते, मग जंतू कळतो. मॅडमनी कायम दुसऱ्या दिवशी पाहिलं होतं आणि ज्योतीनं विजेच्या धाकानं टोचलं त्याच सकाळी. ज्योतीच्या हाताला काहीतरी नवीन, खरं लागलं होतं आणि ते तिच्याच बाईंनी तिच्या हातून काढून टाकायला लावलं होतं. मला समजावून सांगताना मॅडम म्हणाल्या, 'मी उशिरा बघितलं, कुंदा, आणि म्हटलं, काही झालेलंच नाही.'

मी त्यांना म्हटलं, की हे फार गाजावाजा न करता दुरुस्त करता येईल. विभागप्रमुखाची जागा भरायची होती आणि हक्कानं ती त्यांचीच होती. चूक कबूल केली तर लोक काय बोलतील ते त्यांना माझ्याहून जास्त माहीत होतं. मॅडमनी माझं पुरतं ऐकून घेतलं.

'माझं एक चुकलं की हिचं सगळंच चुकीचं, असं म्हणायला माणसं टपून बसली होती,' त्या म्हणाल्या. 'त्यांना घाबरून मी त्या पोरीवर तुटून पडले. आणि शब्द कुठले वापरले? माझ्याच मास्तरांचे. इतकी वर्षं काच धुतली, पण ते शब्द मी जपून ठेवले होते.'

वसतिगृहाच्या जुन्या रेक्टरबाईंकडून ज्योतीचा पत्ता मिळाला. ती तिसगावला होती. नगरहून पाथर्डीची गाडी धरून, करंजीचा घाट ओलांडून आम्ही गेलो तेव्हा तिथे बाजार भरला होता. मेथीच्या जुड्या आणि शेळ्यांमधून वाट काढत विचारत विचारत पोचलो तर पत्र्याच्या गाळ्यावर पाटी होती, रक्त, लघवी व थुंकी तपासून मिळेल. बाहेर बाकावर पेशंट बसलेले. मॅडम आत शिरणार, तोच डोक्यावर पदर घेतलेली एक म्हातारी म्हणाली, 'नंबर लावा बाई. ही पोरगी कुनाला मधी घुसू देत न्हाई.' मॅडम मुकाट्यानं बाकाच्या टोकाला बसल्या. मी उभी राहिले.

ज्योती पडदा सारून बाहेर आली, आम्हाला पाहिलं, थबकली, आणि पुढचं नाव पुकारलं. सगळे पेशंट होईपर्यंत तिनं आम्हाला बोलावलं नाही. पडद्याच्या फटीतून नळाचा आवाज मात्र सतत येत होता.

आत गेलो तेव्हाही ती हात धूत होती. मग टॉवेल घेऊन वळली आणि मला तिचे हात दिसले. बोटांच्या पेरांवर कातडी पांढरी पडून भेगाळली होती, नखांच्या कडा लाल होत्या. मॅडमनाही दिसले.

'ज्योती, तुझं बरोबर होतं,' मॅडम म्हणाल्या. 'चूक माझी होती.'

ज्योतीनं विचारलं, कशाबद्दल म्हणताय? तिला कळलं नव्हतं असं नाही. मॅडमनी मग सगळं सांगितलं, बंदच्या दिवसापासून. ज्योती टेबलाला टेकून ऐकत होती. मध्येच तिनं विचारलं, 'जंतू दिलेल्यांची पट्टी दुसऱ्या दिवशी किती गडद?'

'आदल्या दिवशीपेक्षा जास्त.'

तेवढ्यापुरता ज्योतीचा चेहरा पूर्वीचा झाला, वर्गात हात वर करताना असायचा तसा. मग ती सावकाश म्हणाली, 'सुई उकळली होती हे मला माहीत होतं, मॅडम. पण नंतर नंतर माझंच मला खरं वाटेना. घरी आले, लग्न झालं, हा रक्त तपासायचा कोर्स केला, लॅब टाकली. इथे कुणी मला नावं ठेवत नाही. पण मी दर पेशंटनंतर हात धुते, मग पुन्हा धुते. मुलीची वेणी घालायच्या आधी धुते. सासूबाई म्हणतात, काय खूळ हाय हे. मी त्यांना काय सांगू?'

रस्त्यावरून टोमॅटोवाल्याचा ओरडा येत होता. मॅडम म्हणाल्या, 'माफ कर असं म्हणायला मी आलेले नाही. मी म्हटलं की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल. मी फक्त सांगायला आले. आणि हे छापायचं आहे, त्यावर पहिलं नाव तुझं घालायचं आहे. घालू का, ते विचारायला आले.'

'घाला,' ज्योती म्हणाली. 'नाव माझंच आहे.'

तिनं आम्हाला चहा विचारला नाही. पाथर्डीहून येणारी गाडी कितीला असते तेवढं सांगितलं आणि पुन्हा नळ सोडला.

नगरला प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांचं चर्चासत्र होतं. मॅडमनी तिथे उभं राहून सांगितलं, की माझ्या प्रबंधातला मुख्य निष्कर्ष चुकीचा आहे, खरं काय ते माझ्या विद्यार्थिनीला सापडलं होतं आणि मी तिला घालवून दिलं. 'घालवून दिलं' हाच शब्द त्यांनी वापरला. चहाच्या वेळी आमच्या मागे दोघं बोलत होते. एक म्हणाला, यांना पदव्या वाटल्या की दुसरं काय होणार. मॅडम तिथेच होत्या. त्यांनी कप बशीत ठेवला आणि मला म्हणाल्या, गाडीची वेळ झाली. विभागप्रमुखाची जागा दुसऱ्या गृहस्थांना मिळाली. त्यांना अभिनंदनाचा पहिला हार मॅडमनी घातला.

लेख छापून आला. मॅडम तो घेऊन एकट्याच तिसगावला जाऊन आल्या. काय झालं विचारलं, तर म्हणाल्या, तिनं तो खणात ठेवला.

त्यानंतरच्या मॅडम वेगळ्या होत्या. पुलावर मुलांना अजून नेत, पण सांध्याची गोष्ट संपली की ज्योतीची सांगत. नाव सांगत, फिल्म सांगत, स्वतःचं वाक्य शब्दन् शब्द सांगत. मुलं चुळबूळ करत, खाली रुळांकडे बघत. मी एकदा म्हटलं, दर वर्षी कशाला? त्या म्हणाल्या, दर वर्षी मुलं नवीन असतात. 'पुरावा?' हा शब्द त्यांच्या तोंडून गेला तो गेलाच. कुणी काही सांगितलं की त्या आता 'बरं' म्हणत आणि ऐकत राहत. कालवंही त्यांनी हळूहळू आणणं थांबवलं. सुई टोचायला गेलं की हात अडतो, म्हणाल्या. टाक्या कोरड्या पडल्या, काचेवर मिठाचा पांढरा थर राहिला.

मग त्यांना साखरेचा आजार निघाला. श्रीरामपुरात रक्त तपासायच्या लॅबा काही कमी नव्हत्या, एक तर त्यांच्या घरासमोरच होती. पण मॅडम तपासायला तिसगावला जाऊ लागल्या. जायला अर्धा दिवस, यायला अर्धा दिवस. मॅडमच्या आईंनी मला सांगितलं, तू तरी समजाव. मी काही समजावलं नाही. दोन-तीनदा सोबत गेले. मॅडम बाकावर नंबर लावून बसत. पाळी आली की आत जात, खुर्चीवर बसून बाही वर करत. ज्योती रबरी पट्टी बांधी, म्हणे, मूठ आवळा. रक्त काढी. म्हणे, सोडा. चिठ्ठी देई. दोघींत एवढंच बोलणं. मॅडम परतीच्या बसमध्ये कापसाचा बोळा दंडावर दाबून धरून बसत, घाट उतरेपर्यंत.

त्या वर्षी माझी बदली संगमनेरला झाली होती. जायच्या आधी मी शेवटचं म्हणून त्यांच्याबरोबर तिसगावला गेले. दुपार टळत आली होती. ज्योतीनं नळी उजेडात धरली आणि पहिल्यांदाच आपणहून बोलली.

'सकाळी काय खाल्लं होतं?'

मॅडम म्हणाल्या, 'भाकरी. इतक्या लांब यायचं तर काहीतरी पोटात लागतंच.'

'मग याचा काय उपयोग? उपाशीपोटीची साखर बघायला हवी. दर वेळी तुम्ही जेवूनखाऊन येता आणि मी आपली तपासत बसते.' तिचा आवाज चिडका होता. 'सकाळी उठल्या उठल्या रक्त द्यायला हवं.'

मॅडम म्हणाल्या, पहिल्या गाडीनं आलं तरी इथे अकरा वाजतात.

ज्योतीनं नळी उभी करून ठेवली. सुई काढून डब्यात टाकली. 'तर मुक्कामाला या,' ती म्हणाली. 'आजच राहा. घर मागेच आहे. सासूबाईंना सांगते, रात्री हलकं काहीतरी करायला.'

मॅडम माझ्याकडे बघू लागल्या, काहीतरी विचारल्यासारख्या. मी म्हटलं, मी जाईन एकटी, आईंना निरोप देईन.

पाथर्डीहून येणारी गाडी भरून आली. मला खिडकी मिळाली. गाडी बाजारातून हळूहळू निघाली तेव्हा मॅडम एका हातगाडीशी उभ्या दिसल्या, ज्योतीची मुलगी त्यांचं बोट धरून. मुक्कामाचं काहीच आणलं नव्हतं म्हणून त्या टॉवेल बघत होत्या. एक उलगडून उजेडात धरला, ठेवला, दुसरा धरला. मुलीनं कुठल्याशा लाल टॉवेलकडे बोट केलं. मॅडमनी तो घेतला.